स्वयंसेवी अग्निशामकांचे माजी प्रमुख: संपर्क कशासाठी आणि कसा

स्वयंसेवी अग्निशामकांच्या संघटनेत नवी कार्यकारिणी आली की मावळत्या प्रमुखांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, दोन-तीन भाषणे आणि एक समूहछायाचित्र एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. मग पुढच्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका छापायची वेळ येईपर्यंत त्या माणसाची आठवण कोणाला होत नाही, आणि ज्याने वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री फोन उचलून माणसे गोळा केली, त्याचा क्रमांक सरावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातूनही केव्हातरी मुकाट्याने निघून जातो. यात कोणाच्या मनात पाप नसते. नव्यांना आपला जम बसवायचा असतो, जुन्यांना लुडबुड केल्याचा ठपका नको असतो, आणि दोन्हीकडच्या संकोचामुळे येणेजाणे थांबते. अग्निसुरक्षेच्या कामात असे येणेजाणे थांबले की संघटनेची प्रत्यक्ष काम करण्याची ताकद घटते, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. म्हणूनच माजी प्रमुखांशी संपर्क ठेवणे हे काम समारंभ समितीकडून काढून घेऊन कार्यकारिणीच्या नियमित कामकाजात लेखी स्वरूपात आणले पाहिजे, असे मी आग्रहाने मांडतो.

ठाणे आणि नवी मुंबईत आग विझवण्याची जबाबदारी महापालिकांच्या अग्निशमन दलांची आहे, आणि औद्योगिक पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतःची अग्निशमन केंद्रे आहेत. स्वयंसेवक त्यांची जागा घेत नाहीत आणि घेऊही नये. आपल्याकडचा स्वयंसेवक निरनिराळ्या वाटांनी या कामात येतो. कोणी नागरी संरक्षण दलात क्षेत्ररक्षक असतो आणि त्या दलाच्या बारा सेवांपैकी अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. कोणी आपत्तीत मदतीसाठी नागरिकांना तयार करणाऱ्या ‘आपदा मित्र’ योजनेतील बारा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेले असते. कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्याच्या अग्निसुरक्षा पथकातून निवृत्त झालेला असतो, तर कोणी गृहसंकुलाच्या समितीवर असताना एखादी आग जवळून पाहिल्यावर या कामाला लागलेला असतो. अशी माणसे एकत्र येऊन संघटना बांधतात तेव्हा त्यांच्या हाती बंब नसतो. बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे, रस्ता मोकळा करणे, लिफ्ट बंद ठेवून माणसे जिन्याने उतरवणे, गॅसचा आणि विजेचा पुरवठा तोडणे, घरात अडकलेल्या आजारी माणसाचा मजला नेमका सांगणे आणि एरवी वर्षभर सराव घेत राहणे, हे त्यांचे क्षेत्र असते. त्यामुळे अशा संघटनेच्या प्रमुखाची खरी कमाई म्हणजे त्याला असलेली त्या परिसराची माहिती आणि त्याने जोडलेली माणसे. या दोन्ही गोष्टी कपाटाच्या किल्ल्यांसारख्या पुढच्या माणसाच्या हाती देता येत नाहीत.

परिसराची माहिती म्हणजे काय, हे या दोन शहरांपुरते पाहू. ठाण्यात एकीकडे किसननगरसारखी दाट वस्ती आहे, जिथे समोरासमोरच्या इमारतींच्या गॅलऱ्या जवळजवळ एकमेकींना टेकतात, आणि दुसरीकडे घोडबंदर रस्त्यावरचे उंच मनोरे आहेत. नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या रुंद रस्त्यांच्या मधोमध घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, शिरवणे अशी जुनी गावठाणे तशीच आहेत, आणि त्यांच्या आतल्या गल्ल्यांत मोठा बंब वळत नाही. कोणत्या गल्लीत छोटी गाडी जाते, कोणत्या वळणावर रात्री टेम्पो लावलेले असतात, गावातल्या कोणत्या विहिरीवर स्लॅब पडला आणि कोणती अजून उपसता येते, मासुंदा किंवा कचराळी तलावाच्या काठी कुठे उभे राहिले तर गाडीला पाणी खेचता येईल, ही माहिती नकाशावर अर्धवट असते आणि माणसांच्या डोक्यात बरीचशी पूर्ण असते. वागळे इस्टेटमध्ये जिथे एके काळी यंत्रांचे कारखाने होते, तिथे आज काचेच्या दर्शनी भिंतींची कार्यालये उभी आहेत, पण मधल्या काही भूखंडांवर जुन्या शेड तशाच आहेत आणि त्यांत आज कोणता माल साठवला जातो हे पाटीवरून कळत नाही. मे २०२२ मध्ये पावणे येथील औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्याला लागलेली आग शेजारच्या कारखान्यांतही पसरली. अशा पट्ट्यात कोणत्या भिंतीपलीकडे काय आहे, याची पंधरा वर्षांची स्मरणयादी बाळगणारा माणूस केवळ पदावर नाही म्हणून आपण त्याला विचारायचे थांबवतो, हे मला अनाकलनीय वाटते.

एक उदाहरण जवळून सांगतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका संकुलात जुलैतल्या सरावाला आम्ही गेलो तेव्हा ते प्रमाणपत्र नुकतेच मिळालेले होते. पंपघरात पाहिले तर पॅनेलवरचे दिवे हिरवे होते, पंप ‘ऑटो’वर होते आणि गेजचा काटा जिथे असायला हवा तिथे होता. पथकाची नवी प्रमुख, एक तरुण अभियंता मुलगी, नोंदवहीत खूण करून पुढे निघाली. आमचे एक माजी प्रमुख पावसामुळे छत्री घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, “ताई, काटा खाली बघून उपयोग नाही. वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू दे, मग सांग.” सर्वांत वरच्या मजल्यावर हायड्रंटला होज जोडून व्हॉल्व्ह उघडला. पहिला फवारा जोरात आला आणि बघता बघता त्याची धार बारीक झाली. तिथे वाहत्या पाण्याला साडेतीन किलोचा दाब मिळायला हवा, तो नव्हता. काकांनी मग मधल्या एका मजल्यावर नेऊन एका घराबाहेरचे चपलांचे कपाट बाजूला करायला लावले. त्यामागे शाफ्टचे दार होते, आणि आत उभ्या नळावरचा व्हॉल्व्ह जवळपास पूर्ण फिरवून बंद केलेला होता. गळती दुरुस्त करताना कोणी तरी तो बंद केला होता आणि पुन्हा उघडायचा राहून गेला होता. पाणी थांबलेले असताना गेजवर दाब व्यवस्थित दिसतो, वाहायला लागल्यावरच अडथळा कळतो, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवतात. त्या संकुलातला तो व्हॉल्व्ह नेमका त्या कपाटामागे आहे, हे मात्र शेजारच्या विंगमध्ये पूर्वी हाच प्रकार पाहिलेल्या माणसालाच ठाऊक होते.

त्या दिवशी काकांनी हातात काही घेतले नाही. व्हॉल्व्ह त्या मुलीने उघडला, नोंद तिने केली, सोसायटीच्या सचिवांना लेखी सूचना तिच्या सहीने गेली. माजी प्रमुखांचे स्थान कसे असावे, याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते बरेचसे या कामाच्या वाटणीत आले.

माणसे जोडण्याचा भाग याहून नाजूक आहे. अग्निशमन केंद्रावरचे अधिकारी बदलतात, पोलीस ठाण्यातले बदलतात, प्रभाग समितीतले बदलतात. सरावासाठी रस्ता अर्धा तास बंद ठेवायचा तर कोणाशी बोलायचे, गोविंदा पथकाच्या किंवा गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना मंडपाच्या बाजूने बंबाची वाट मोकळी ठेवायला कोणत्या शब्दांत सांगायचे, हे नव्या प्रमुखाला पहिल्या वर्षी जड जाते. जुन्या माणसाने सोबत जाऊन “आता हे पाहतात, यांच्याशी बोला” एवढे सांगितले तरी सहा महिन्यांचे काम एका भेटीत होते. उलट जुना माणूस नाराज होऊन बाजूला गेला असेल, तर त्याने काही न करताही दारे बंद होतात, कारण मंडळाची पोरे त्यालाच ओळखतात आणि त्याच्याकडून नव्या प्रमुखाबद्दल चार शब्द ऐकायची वाट पाहत असतात.

कायद्याच्या बाजूचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तो रुक्ष असला तरी अनेक संघटना तिथेच अडकतात. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेत पदाधिकारी बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा लागतो. जुन्या पदाधिकाऱ्यांचे राजीनामे, इतिवृत्तावरच्या सह्या, बँकेतल्या सह्यांचे बदल या सगळ्याला मावळत्या माणसांचे सहकार्य लागते. सत्कारानंतर ज्यांना वर्षभर फोन केला नाही, त्यांच्या दारात सहीसाठी उभे राहणे कोणालाही अवघडच जाणार.

पण माझ्या मनात सर्वांत वरचे कारण आरोग्याचे आहे, आणि त्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातून होणारा घातक द्रव्यांचा संपर्क मानवासाठी कर्करोगकारक असल्याचे ठरवले. मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोन्हींबाबत पुरावा पुरेसा असल्याचे तिने नमूद केले. मेसोथेलिओमा हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंशी जोडलेला आजार आहे आणि तो संपर्कानंतर अनेक दशकांनी उद्भवू शकतो. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांच्या आणि चाळींच्या छपरांवर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे किती ठिकाणी होते आणि आजही आहेत, हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दलातल्या जवानाच्या पाठीवर श्वसनसंच असतो आणि त्याच्या सेवेची नोंद कार्यालयात असते. स्वयंसेवक मात्र बरेचदा तोंडाला ओला रुमाल बांधून धुराच्या कडेला उभा राहतो, आग विझल्यावर ढिगारा उपसायला पुढे होतो, आणि त्याची नोंद कोणाकडेही नसते. तो जवानापेक्षा खूपच कमी वेळा आगीजवळ जातो हे मान्य, तरी ज्याने पंधरा-वीस वर्षे पथकाचे नेतृत्व केले तो प्रत्येक घटनेत सर्वांत आधी पोहोचून सर्वांत शेवटी परतलेला असतो. त्याला पासष्टाव्या वर्षी खोकला धरला आणि डॉक्टरांनी विचारले की तुम्ही काय काम करत होता, तर तो आपल्या नोकरीचे नाव सांगेल आणि धुराचा उल्लेखही करणार नाही. कोणत्या आगीला कोण गेले होते, तिथे काय जळत होते, किती वेळ थांबले, याची नोंद संघटनेने ठेवणे आणि माजी सदस्यांना त्यांच्या नोंदीची प्रत देऊन ती डॉक्टरांना दाखवायला सांगणे, हे संघटनेचे कर्तव्य आहे. संपर्कच नसेल तर ते पार पाडता येणार नाही.

याच्या जोडीला मनावरचा भार आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. अशा ढिगाऱ्यांवर रात्रभर उभी राहिलेली माणसे आपल्या शहरात आहेत आणि त्यांपैकी अनेकांना ते दृश्य घरी कोणाला सांगता आलेले नाही. जो तिथे होता त्याच्याशीच बोलता येते, आणि संघटना ही तशी माणसे भेटण्याची जागा असते. पद गेल्यावर ती जागाही गेली, तर त्या माणसाने ते बोलायचे कोणाकडे?

आता आक्षेपांकडे येतो, आणि ते खोटे नाहीत. संस्था चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की संपर्क तुटण्यापेक्षा माजी अध्यक्षांची ढवळाढवळ हा मोठा त्रास आहे. प्रत्येक निर्णयावर “आमच्या वेळी असे नव्हते” म्हणणारे, कार्यकारिणीबाहेर बसून दोन गट चालवणारे, नव्या प्रमुखाला बाजूला सारून थेट केंद्राधिकाऱ्याला फोन लावणारे माजी प्रमुख मी पाहिले आहेत. आगीच्या ठिकाणी हा प्रकार नुसता त्रासदायक राहत नाही, जीवघेणा ठरतो. तिथे आदेश एकाचाच चालला पाहिजे. दलाचा अधिकारी पोहोचला की त्याचा, आणि तोपर्यंत पथकाच्या त्या दिवशीच्या प्रमुखाचा. ज्याच्या आवाजाची लोकांना सवय आहे असा जुना माणूस बाजूला उभा राहून सूचना देऊ लागला, तर दोन पोरे एकीकडे धावतील आणि दोन दुसरीकडे. म्हणून माझ्या सूचनेचा पहिला भाग बंधनाचा आहे. माजी प्रमुखाने घटनास्थळी आदेश देऊ नये, विचारल्याशिवाय सूचनाही देऊ नये, आणि संघटनेच्या वतीने पत्रकारांशी किंवा अधिकाऱ्यांशी बोलू नये, हे संस्थेच्या घटनेत किंवा नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असावे आणि पद सोडतानाच त्यांनी ते मान्य केलेले असावे. आपल्याकडे असे लिहिणे हा अपमान समजतात. मला ते उलट वाटते. मर्यादा लिहिलेली असली की नव्या प्रमुखाला जुन्याला बोलवायची भीती वाटत नाही, आणि जुन्यालाही आपले पाऊल कुठे थांबले पाहिजे हे आधीच ठाऊक असते. ढवळाढवळ करणारा माजी अध्यक्ष आणि कायमचा गायब झालेला माजी अध्यक्ष, हे दोघेही त्यांना कोणतेही ठरलेले काम न दिल्यामुळे तयार होतात.

ज्या देशांत स्वयंसेवी अग्निशमनाची परंपरा जुनी आहे, त्यांनी हा प्रश्न आपापल्या पद्धतीने सोडवला आहे. जर्मनीत अग्निशमनाचा मुख्य भार सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर आहे, आणि वयोमर्यादा ओलांडून प्रत्यक्ष कामातून बाहेर पडलेल्यांसाठी अनेक दलांत ज्येष्ठांचा व मानकऱ्यांचा वेगळा विभाग असतो. ते आगीवर जात नाहीत, पण सभासद राहतात. चिलीमध्ये १८५१ साली वाल्पाराइसो येथे पहिले स्वयंसेवी दल उभे राहिले आणि आजही तिथले अग्निशामक बिनपगारी आहेत. दीर्घ सेवा केलेल्यांना तिथे मानद दर्जा मिळतो. मला सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण जपानचे वाटते. तिथल्या गावोगावच्या स्वयंसेवी पथकांत एके काळी सुमारे वीस लाख माणसे होती, ती संख्या आता आठ लाखांच्या खाली आली आहे. गावे म्हातारी झाली आणि तरुण नोकरीसाठी शहरांत गेले. यावर उपाय म्हणून त्यांनी विशिष्ट कामापुरते सदस्य ही तरतूद आणली. पूर्वी पथकात काम केलेला माणूस आगीच्या सगळ्या वर्दींना न जाता फक्त मोठ्या आपत्तीत, किंवा फक्त प्रशिक्षणासाठी आणि जनजागृतीसाठी पुन्हा नाव नोंदवू शकतो. त्याचे काम ठरलेले आणि मर्यादित असते. या तिन्ही ठिकाणी मान आहे, पण मानाबरोबर सभासदयादीत जागा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

आपल्याकडे हुबेहूब तसे करता येणार नाही. जर्मनीत किंवा जपानमध्ये स्वयंसेवी पथके कायद्याने अग्निशमन व्यवस्थेचा भाग आहेत, आपली नाहीत. शिवाय आपल्याकडे एकाच माणसाने पंधरा-पंधरा वर्षे अध्यक्षपद भूषवण्याची रीत आहे, त्यामुळे माजी प्रमुख मुळात फार थोडे तयार होतात. अध्यक्षपदाची मुदत ठरवणे ही या सगळ्याची पूर्वअट आहे. जो दोन मुदतींनंतर उतरतो त्याच्यात अजून चालण्याफिरण्याची ताकद असते आणि तो कामाचा राहतो. सत्तरीत नाइलाजाने खुर्ची सोडणाऱ्याकडून आपण कोणत्या सहकार्याची अपेक्षा करणार?

दुसरा आक्षेप ज्ञान शिळे होण्याचा आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकी रात्री इमारतीच्या वाहनतळात चार्जिंगला लागतात आणि लिथियम बॅटरी पेटली की विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. काचेच्या दर्शनी भागामागे धूर मजल्यामजल्यांतून वर चढतो. या गोष्टी वीस वर्षांपूर्वी प्रमुख असलेल्या माणसाने अनुभवलेल्या नाहीत, आणि जुन्या सवयीने दिलेला सल्ला इथे चुकू शकतो. स्मरणशक्तीचेही तसेच आहे. “इथे विहीर आहे” असे खात्रीने सांगणाऱ्याच्या जागेवर आता पार्किंग असते. म्हणून माजी प्रमुखांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासून मगच नोंदीत घ्यावी, आणि नव्या विषयांवरच्या प्रशिक्षणाला त्यांनाही विद्यार्थी म्हणून बसवावे. त्यांच्यापैकी जे येऊन बसतात, त्यांच्यापासून पुढे कधी त्रास होत नाही, असे मला दिसले आहे.

प्रत्यक्षात काय करावे, यात काही अवघड नाही. पद सोडल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मावळत्या आणि नव्या प्रमुखाने मिळून आपला सगळा विभाग पायी फिरावा, आणि बरोबर एकाने वही घेऊन लिहीत जावे. हे फिरणे खोलीत बसून होणाऱ्या कार्यभार हस्तांतरणापेक्षा मोलाचे असते, कारण माणसाला जागेवर उभे राहिल्यावर जे आठवते ते टेबलाशी आठवत नाही. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी प्रत्येक सरावाला माजी प्रमुखाला निरीक्षक म्हणून बोलवावे आणि त्याचे निरीक्षण सराव संपल्यावर, सर्वांसमोर नाही तर प्रमुखाकडे, लेखी मागावे. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रांच्या आधी, सगळ्या माजी प्रमुखांची एक बैठक घ्यावी आणि तिला निश्चित विषय द्यावा. केवळ स्नेहभोजन ठेवले तर दोन वर्षांनी कोणी येत नाही. संपर्काची जबाबदारी कार्यकारिणीतल्या एका सदस्यावर नावाने सोपवावी, आणि तो सदस्य शक्यतो तरुण असावा, कारण म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांना सांभाळायचे असे झाले की त्याचा वृद्ध संघ होतो आणि नव्या पोरांना त्यातून काही मिळत नाही.

हे लिहून ठेवण्याचे काम निवृत्तीपर्यंत पुढे ढकलू नये, हेही सांगायला हवे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी गमावले. एवढ्या मोठ्या आणि जुन्या दलालाही असा घाव सोसावा लागला. छोट्या संघटनेत प्रमुखाच्या डोक्यातली माहिती दुसऱ्या कोणाकडेच नसणे, ही रोजची जोखीम आहे.

१४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात बळी पडलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणाने अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. बहुतेक संघटनांत माजी प्रमुखांना वर्षातून त्याच दिवशी आणि ६ डिसेंबरला नागरी संरक्षण दिनी बोलावणे जाते. त्यांना पहिल्या रांगेत बसवले जाते आणि कार्यक्रम संपल्यावर गाडीपर्यंत सोडले जाते. हा मान खरा असतो, त्याला माझा विरोध नाही. मात्र त्याच दिवशी त्या सगळ्यांचे सध्याचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, प्रकृती आणि घरच्या एका माणसाचा संपर्क लिहून घेतला, तरी पुढच्या कामाचा निम्मा पाया तयार होतो. ठाण्यात किंवा वाशीत घर परवडेनासे झाल्यावर अनेक जुनी माणसे मुलांसोबत बदलापूरला, पनवेलच्या पुढे किंवा सरळ गावी कोकणात, साताऱ्याला गेली आहेत. त्यांना सरावाला येणे जमणार नाही, पण दर तीन महिन्यांनी एक फोन करून “किसननगरच्या त्या दोन इमारतींमधली मागची वाट कुठून होती?” असे विचारता येईल, आणि पलीकडचा माणूस पाऊण तास बोलेल.

सर्वांत कठीण प्रश्न आहे तो रागावून गेलेल्यांचा. प्रत्येक संघटनेत असा एक तरी माजी प्रमुख असतो, जो निवडणुकीत हरला, किंवा ज्याच्यावर हिशेबावरून शंका घेतली गेली आणि ती पुढे निराधार ठरली, किंवा जो एखाद्या घटनेत आपण एकटे पडलो म्हणून अबोला धरून बसला. स्त्री प्रमुखांच्या बाबतीत तर अनेकदा कोणी उघड भांडतही नाही. पद गेल्यावर त्यांना बोलावणेच थांबते आणि त्यांनी उभी केलेली महिला पथके विरून जातात, ज्यांच्यामुळे दुपारच्या वेळी, पुरुष कामावर असताना, इमारतीत कोणीतरी प्रशिक्षित माणूस हजर असायचा. अशांना वर्धापनदिनाची छापील पत्रिका पाठवून भागत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची नोंद इतिवृत्तात दुरुस्त करावी लागते, हिशेबाची शंका मिटली असेल तर ते सर्वसाधारण सभेत सांगावे लागते, आणि तेही त्यांना आधी विचारून, कारण काहींना तो विषय पुन्हा निघायलाच नको असतो. काही जण तरीही येणार नाहीत, आणि त्यांचा तो हक्क मान्य करून त्यांचे नाव यादीत ठेवावे.

हे काम सचिवाकडे किंवा समन्वयकाकडे देता येणार नाही. सध्याच्या प्रमुखाने स्वतः, शक्यतो वार्षिक सभेची नोटीस निघण्याआधी, आणि सोबत लवाजमा न नेता त्यांच्या घरी जायला हवे. सभेच्या तोंडावर गेले तर मतांसाठी आले असे वाटते, आणि नंतर गेले तर काम अडले म्हणून आले असे वाटते.